निळा किरण आणि नवागामची व्हीसीडी

एकच चित्रपट मी आयुष्यात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो निराळा दिसला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आठ वर्षांची होते. स्थळ सुरतमधील नवागाम, मामांच्या दुकानामागची खोली. दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या मे महिन्यात, इथे बेळगावला, मावशीच्या घरी. चित्रपट इंग्रजी, नाव 'ओशन्स थर्टीन'. हे असे का झाले याचा शोध घेता घेता मी वाणिज्य शाखेची असूनही थोडी भौतिकशास्त्रात आणि थोडी कायद्यात शिरले. प्रस्तुत लेख त्या उद्योगाचे फळ आहे. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी चूकभूल पोटात घालावी.

नवागामविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आमच्या महाविद्यालयात 'तू गुजरातची, मग मराठी विभागात कशी?' असे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारते. नवागाम म्हणजे सुरतेतली उधना-डिंडोलीच्या बाजूची वस्ती. नाव गुजराती, पण गल्लीत उभे राहिले की कानावर अहिराणी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस उतरली. कुणी लूमच्या खात्यात लागले, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी हिऱ्याच्या घंटीवर बसले. घरात अहिराणी, दुकानात गुजराती आणि महानगरपालिकेच्या शाळेत प्रमाण मराठी, अशी माझी वाढ झाली. बारावीनंतर मावशीकडे बेळगावला आले आणि आता कानावर कन्नडही पडू लागली आहे. असो.

मामांचे दुकान म्हणजे व्हीसीडी लायब्ररी. पत्र्याचे शटर, तीन भिंतींना फळ्या, आणि एक लाल वही. एका रात्रीचे भाडे दहा रुपये. सुट्टीच्या दिवशी वहीत नावे लिहिण्याचे काम माझे. 'ओशन्स थर्टीन' तिथे आला तो एका डीव्हीडीवर आणखी चार चित्रपटांना चिकटून. 'एकात पाच' म्हणून रेल्वे स्टेशनाबाहेर मिळणारा तो माल चोरीचा होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. लास व्हेगासमध्ये विली बँक नावाचा एक बडा हॉटेलमालक आपल्या म्हाताऱ्या भागीदाराला फसवतो. म्हातारा अंथरूण धरतो. मग त्याचे जुने मित्र, म्हणजे डॅनी ओशनची टोळी, बँकच्या नव्या जुगारगृहाचे उद्घाटनाच्या रात्रीच दिवाळे काढायचे ठरवते. शिवाय हॉटेलच्या माथ्यावर ठेवलेले हिऱ्यांचे हारही पळवायचे असतात. २००१ चा 'इलेव्हन', २००४ चा 'ट्वेल्व्ह' आणि २००७ चा हा तिसरा. तिन्ही स्टीव्हन सोडरबर्गचे. दरोडा आहे पण रक्तपात नाही, सगळा मामला हसण्यावारी.

आमच्या खोलीत हिरे पाहून कुणाला विशेष वाटले नाही. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात असे म्हणतात, तेव्हा हिरा आमच्याकडे नवलाचा नाही. सगळे हसले ते दुसऱ्याच प्रसंगाला. टोळीतला एक जण मेक्सिकोतल्या फाशांच्या कारखान्यात कामगार म्हणून शिरतो. फासे बिघडवायचे सोडून तो तिथली मजुरी आणि उकाडा पाहून संपच पुकारतो! इकडे करोडोंची योजना अडून बसते. मग मागणीची रक्कम विचारली जाते, तर ती सगळ्या कामगारांची मिळून इतकी किरकोळ निघते की टोळीवाले थक्क होतात. त्या रात्री खोलीत बसलेले निम्मे लोक लूमवरचे होते. इंग्रजी कुणाला कळत नव्हते, तरी हा प्रसंग मात्र सगळ्यांना कळला.

पण चित्र? चित्र म्हणावे तर गोधडी. जुगारगृहातले दिवे म्हणजे लाल-पिवळे ठिपके, आणि हिऱ्यांचे हार म्हणजे पांढरे डाग. मी तक्रार केली तर मामा म्हणाले, "चित्र दिसस ना? मंग जायं!"

बारा वर्षांनी मावशीकडे, जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने येताना एक ब्ल्यू-रे यंत्र आणि काही तबकड्या आणल्या. त्यांत हाच चित्रपट निघाला. मी मुद्दाम पाहायला बसले. हिऱ्याचा प्रत्येक पैलू सुटा दिसत होता. ज्याच्या मामांच्या गल्लीत घंट्या चालतात त्या माणसाला तो फरक किती जाणवावा! मग मनात आले, की तबकडी तर दोन्हीकडे तेवढीच, बारा सेंटिमीटर व्यासाची. मग हे जास्तीचे चित्र बसले कुठे?

तबकडीवर चित्र नसते, असतात खड्डे. गोल गोल वळणाऱ्या वाटेवर सूक्ष्म खड्ड्यांची रांग, आणि लेसरचा किरण त्यावरून फिरून खड्डा आहे की सपाटी हे वाचत जातो. किरणाचा ठिपका जेवढा बारीक, तेवढे खड्डे लहान आणि वाटा जवळ जवळ आखता येतात. ठिपका किती बारीक होणार हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंगाच्या ताकदीवर ठरते. सीडी आणि व्हीसीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ न दिसणारा तांबडा. दोन वाटांतले अंतर १.६ मायक्रॉन. डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा, अंतर ०.७४ मायक्रॉन. ब्ल्यू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा, आणि अंतर फक्त ०.३२ मायक्रॉन. म्हणून डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट मावतात, तर ब्ल्यू-रेच्या एका थरावर २५ आणि दोन थरांवर ५०. नाव पडले ते या निळ्या किरणावरूनच. हा किरण सहज हाती आला नाही. लाल प्रकाश देणारे अर्धवाहक दिवे फार आधीपासून होते, निळा मात्र गॅलियम नायट्राइडचे शुद्ध स्फटिक वाढवता येईपर्यंत अडून राहिला. ते काम करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता चित्राचा हिशोब. व्हीसीडीचे चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपक्यांचे, म्हणजे एकूण सुमारे एक लाख ठिपके. डीव्हीडी ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांवर. उच्च दर्जाचे, ज्याला आपण सर्रास एचडी म्हणतो ते, १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक. व्हीसीडीच्या वीसपट!

पण नुसते ठिपके मोजून भागत नाही, आणि इथे मला पप्पांनी मदत केली. ते लूमच्या खात्यात आहेत. मी फोनवर हे सगळे सांगितले तर ते म्हणाले, "हे तर रीड-पीकसारखंच झालं." कापडात इंचाला ताण्याचे किती आणि बाण्याचे किती धागे, हा एक हिशोब. पण धागा किती जाड, म्हणजे किती डेनियरचा, हा दुसरा. रीड-पीक पूर्ण ठेवून धागा बारीक घातला तरी कापड झिरझिरीतच होणार. चित्राचेही तसेच. ठिपक्यांची संख्या म्हणजे रीड-पीक, आणि दर सेकंदाला किती माहिती ओतली जाते तो धागा. मामांच्या 'एकात पाच'मध्ये ठिपके डीव्हीडीचे होते खरे, पण ४.७ गिगाबाइटमध्ये पाच चित्रपट कोंबल्यावर एकेकाच्या वाट्याला एक गिगाबाइटही येत नव्हता. ब्ल्यू-रेवर त्याच चित्रपटाला पन्नासपर्यंत जागा मिळू शकते. आपल्या फोनवर 'एचडी' लिहून येते तेही याच मापाने पाहावे. ब्ल्यू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती जाऊ शकते, तर इंटरनेटवरून येणारे त्याच ठिपक्यांचे चित्र पाचेक मेगाबिटांत भागवले जाते. पाटी तीच, धागा निराळा.

'ओशन्स थर्टीन' घरोघरी विक्रीस आला तो १३ नोव्हेंबर २००७ रोजी. तेराव्या टोळीला तेरा तारीख, ही जाहिरातवाल्यांची हौस. पण खरी गंमत अशी की तो उच्च दर्जाच्या एका नव्हे, दोन तबकड्यांवर आला. एक ब्ल्यू-रे आणि दुसरी एचडी डीव्हीडी. दोन्हींत निळाच लेसर, पण एकीच्या यंत्रात दुसरी चालत नाही. ब्ल्यू-रे सोनी आणि तिच्या मित्रमंडळाची, एचडी डीव्हीडी तोशिबाची. सोनी, डिस्ने आणि फॉक्स एका बाजूला; युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट दुसऱ्या बाजूला. मोठ्या कंपन्यांपैकी दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी होती ती या चित्रपटाची कंपनी वॉर्नर. तिने एका बाजूस ब्ल्यू-रे व दुसऱ्या बाजूस एचडी डीव्हीडी अशी एकच तबकडी काढण्याची घोषणाही २००७ च्या जानेवारीत केली होती. ती बाजारात कधीच आली नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने या भांडणात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल होता, त्यामुळे डीव्हीडीचे जुने कारखाने थोड्या खर्चात तिच्याकडे वळवता येत. ब्ल्यू-रेने तो थर ०.१ मिलिमीटरवर, अगदी वर आणला. त्यामुळे जागा वाढली, पण ओरखड्याची भीती आली, वरून कठीण लेप द्यावा लागला आणि कारखान्यात नवी यंत्रे बसवावी लागली. म्हणजे स्वस्त माल एकीचा, भरगच्च माल दुसरीचा. कागदावर पाहिले तर स्वस्त जिंकायला हवी होती. पण सोनीने २००६ मध्ये आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रातच ब्ल्यू-रे घालून दिली, आणि मुलांसाठी खेळणे घेणाऱ्या आईबापांच्या घरी तबकडीचे यंत्र आपोआप पोचले. कॅसेटच्या काळात हीच सोनी १९७५ ची आपली बेटामॅक्स घेऊन व्हीएचएसपुढे हरली होती. या वेळी ती शहाणी झाली होती. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने आपण यापुढे फक्त ब्ल्यू-रेच काढणार असे जाहीर केले. १९ फेब्रुवारीस तोशिबाने हत्यार खाली ठेवले. नोव्हेंबरात ज्यांनी 'ओशन्स थर्टीन'ची एचडी डीव्हीडी हौसेने घेतली त्यांच्या हाती तीन महिन्यांत अनाथ तबकडी उरली. दरोड्याच्या चित्रपटाचे गिऱ्हाईकच लुटले गेले म्हणायचे!

नवागामला या युद्धाची वार्ताही नव्हती. मामांना मी परवा विचारले तेव्हा 'ब्ल्यू-रे' हा शब्द त्यांनी प्रथमच ऐकला. याचे कारण गरिबी एवढेच सांगून चालणार नाही. उच्च दर्जाचे चित्र ही साखळी आहे, तबकडी, यंत्र, वायर आणि पडदा. त्यातली सर्वांत कच्ची कडी असेल तेवढेच चित्र दिसते. आमच्या २१ इंची जुन्या पेटीवर ५७६ हून अधिक रेषा उमटणारच नव्हत्या, मग हजार रुपयांच्या घरातली तबकडी आणून करायचे काय? उलट त्याच वर्षी आपल्याकडे बाजार खालच्या टोकाने फुटला. कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ मध्ये चित्रपटांच्या अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. मामांची वही काढून पाहा. रात्रीचे भाडे दहा, म्हणजे तीन रात्रींच्या भाड्यात चित्रपट कायमचा घरी! मामांनी भाडे पाचवर आणले, मग मोबाइलमध्ये गाणी भरून देण्याचा जोडधंदा सुरू केला, आणि २०१४ च्या पावसाळ्यात शटर ओढले. दोन वर्षांनी जिओ आला आणि उरलीसुरली गिऱ्हाइके फोनमध्ये गेली. स्वस्ताईने मामांना बुडवणारी मोझर बेअर स्वतःही टिकली नाही. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाच्या आदेशाने अवसायनात निघाली.

एक गोष्ट मात्र मामांना मी अजून सांगितलेली नाही. अस्सल तबकडी रीतसर विकत घेतली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क त्यांना नव्हता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाची प्रत भाड्याने देणे हा स्वतंत्र हक्क आहे, आणि तो मालकाकडेच राहतो. पुस्तकाचे तसे नाही. पुस्तक एकदा विकले की ती प्रत घेणाऱ्याची. अमेरिकेतून आणलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दिल्लीच्या एका लायब्ररीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये असाच निकाल दिला, आणि फिर्यादी कोण, तर पुन्हा वॉर्नरच. म्हणजे चोरीची 'एकात पाच' बाजूला ठेवली तरी मामांची बाकीची दुकानदारीही कायद्याच्या पलीकडच्याच बाजूला होती. मला हे वाचून वाईट वाटले. मामा अत्यंत सचोटीचे गृहस्थ, कुणाचे दोन रुपये जास्त आले तर घरी जाऊन परत देणारे. पण कायदा कायदा आहे, आणि तो चूक आहे असेही मला म्हणवत नाही. ज्याने चित्रपट काढला त्याचेही पोट आहे.

आजची स्थिती आणखी निराळी. फोनवरच्या दुकानात 'विकत घ्या' असे बटण असते, पण घेतो ती फक्त पाहण्याची परवानगी. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ मध्ये कायदाच केला की ही परवानगी आहे, मालकी नव्हे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. म्हणून तबकडीच बरी, असे माझा मावसभाऊ हिरिरीने सांगतो. मी त्याला विचारले, तबकडी तरी किती दिवस? वॉर्नरच्या २००६ ते २००८ या काळात बनलेल्या काही डीव्हीडी आतून खराब होऊन वाचता येईनाशा झाल्या आहेत, हे कंपनीनेच २०२५ मध्ये मान्य केले.

तर मग टिकते काय? यासाठी दोन 'शोले' शेजारी ठेवून पाहावेत. पहिला १९७५ चा, आपल्याच कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत चित्रित झालेला. कन्नड विभागातील मित्रांना हे सांगायला नकोच. तो फिल्मवर होता. फिल्मच्या पट्टीवर ठिपके नसतात, कण असतात, आणि त्यांत एचडीहूनही अधिक बारकावा दडलेला असतो. म्हणूनच मूळ निगेटिव्ह बिघडलेली असतानाही जुन्या प्रती शोधून, साफ करून २०२५ मध्ये त्याची एचडीच्या चौपट ठिपक्यांची आवृत्ती तयार झाली आणि इटलीतल्या बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली. दुसरा 'मालेगाव के शोले', २००० सालचा. मालेगाव म्हणजे आमच्या नवागामसारखेच लूमचे गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच हौशी मंडळींना घेऊन तो काढला. त्यांच्यावर पुढे माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपटही पडद्यावर आला. त्यांच्या गोष्टीवरचा चित्रपट उच्च दर्जाचा आहे. त्यांचा स्वतःचा 'शोले' मात्र साध्या व्हिडिओवर घेतलेला, आणि त्यात जेवढ्या रेषा तेव्हा उतरल्या तेवढ्याच कायमच्या. जे मुळात टिपलेच गेले नाही ते कुठलाही निळा किरण परत आणू शकत नाही. यंत्र मधले ठिपके अंदाजाने भरून देईल, पण तो अंदाज यंत्राचा, माणसाचा चेहरा नव्हे.

हे सारे शिकण्यामागे माझा एक घरगुती स्वार्थ आहे. दुकान बंद झाले तेव्हा मामांनी उरलेल्या तबकड्या एका पत्र्याच्या ट्रंकेत भरल्या. त्यांत माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या दोन व्हीसीडी आहेत. लग्न २००२ सालचे, अमळनेरजवळच्या आमच्या गावी झालेले. आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली, माझ्या जन्माआधी. तिचा हलता-बोलता चेहरा जगात फक्त त्या दुसऱ्या तबकडीवर आहे. ती हळद लावताना काहीतरी बोलते आणि सगळ्या बायका हसतात. आईला ते वाक्य आठवत नाही. मी तबकडी मावसभावाच्या यंत्रात घालून पाहिली. मोठ्या पडद्यावर आजीचा चेहरा म्हणजे बारा-पंधरा चौकोन. आणि ऐन हळदीच्या वेळी, एकेचाळिसाव्या मिनिटाला, तबकडी अडकते. पुसून पाहिली, दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली, गल्लीतल्या संगणकवाल्याकडे नेली. एकेचाळीसच्या पुढे ती जात नाही.

परंतु व्हीसीडी ही मूळ नव्हे, नक्कल आहे. चित्रीकरण झाले ते व्हीएचएस कॅसेटवर. कॅसेटच्या फितीवर रेषा थोड्याच असतात, तरी व्हीसीडी करताना जी कापाकापी झाली ती तिच्यावर झालेली नसणार. आणि चाळीस मिनिटांपुढचेही तिच्यावर असणार. मामांनी गावाकडे चौकशी केली. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी धंदा बंद केला आहे, पण कॅसेटची पेटी माळ्यावर आहे, आमचे आडनाव लिहिलेली कॅसेटही त्यात सापडली. दिवाळीच्या सुट्टीत मी उधन्याहून गाडीने अमळनेरला जाऊन ती घेऊन येणार आहे.

अडचण एवढीच की ती चालवायची कशावर? जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनी, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. नवागाम, उधना, लिंबायत इथे मामांनी ओळखीच्या सगळ्यांना विचारून झाले. म्हणून प्राध्यापक वर्ग आणि वाचक मित्रांना विनंती, की आपल्यापैकी कुणाच्या घरी, बेळगावात किंवा आसपास, चालू स्थितीतला व्हीसीआर असेल तर कृपया वार्षिकांकाच्या संपादकांकडे कळवावे. फक्त एका दुपारपुरता हवा आहे. मी तो जागेवरच वापरीन, घरी नेणार नाही.